सिस्टर ब्लँडिना

मुलांनो, शाळेच्या छपरावर चढून विटा पाडणाऱ्या बाई तुम्ही कधी पाहिल्या आहेत का?

ब्लँडिना सेगाले यांचा जन्म १८५० साली इटलीत झाला. चार वर्षांच्या असताना त्या आईवडिलांबरोबर अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी आल्या. पुढे चर्चच्या सेवेसाठी त्या सिस्टर झाल्या. १८७२ साली त्या दूरच्या ट्रिनिडॅड गावी शिकवायला गेल्या.

तेथील शाळा मातीच्या विटांची, पडकी. नवी बांधायला पैसे कुठले? एके दिवशी सिस्टर पहार घेऊन छपरावर चढल्या आणि विटा खाली टाकू लागल्या! एका बाईने ते पाहिले. तिने लगेच माणसे पाठवली. गाव मदतीला आले.

१८९७ साली, नव्याने आलेल्या इटालियन कुटुंबांसाठी, त्यांनी सिनसिनाटीत बहिणीसह 'सांता मारिया' संस्था काढली. हाती होते फक्त पाच डॉलर! १९४१ साली, ९१ वर्षांच्या होऊन, त्या वारल्या.