हाजी नाक्याचे अरण्य

श्रीनगरहून वायव्येकडे गेले म्हणजे कुपवाडा जिल्हा लागतो. भाताची खाचरे, अक्रोडाची झाडे आणि ओढ्याकाठी वसलेली लहान लहान गावे, असा हा प्रदेश दिसावयास मोठा रमणीय आहे. परंतु गावे मागे पडली की देवदारांची निबिड अरण्ये सुरू होतात. अरण्यांच्या वर शमसाबारी पर्वताच्या रांगा आहेत आणि त्या बाजूलाच भारत व पाकिस्तान यांच्यामधील नियंत्रण रेषा आहे. १९७२ सालच्या सिमला करारानंतर ती निश्चित झाली. नकाशावर ती एक बारीक रेघ दिसते. प्रत्यक्षात मात्र ती उंच कडे, घळी आणि ओढे यांवरून जाते. तिच्या बाजूने काटेरी तारांचे कुंपण घातले आहे खरे. पण हिवाळ्यातील बर्फाच्या भाराने ते दर वर्षी ठिकठिकाणी मोडते व पुन्हा उभारावे लागते.

१९८९ च्या सुमारास काश्मीरमध्ये सशस्त्र बंडाळीस आरंभ झाला. तेव्हापासून अतिरेक्यांच्या टोळ्या याच वाटांनी चोरून येऊ लागल्या. हिवाळा लागला की खिंडी बर्फाने बुजतात. म्हणून त्याआधीच्या काही आठवड्यांत घुसखोरीला ऊत येतो, आणि सैनिकांनाही तेव्हा रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून पहारा करावा लागतो.

अशा बंदोबस्तासाठी १९९० साली ‘राष्ट्रीय रायफल्स’ हे दल उभारण्यात आले. निरनिराळ्या पलटणींतील सैनिक ठरावीक मुदतीसाठी त्यात येतात व मुदत संपली की परत जातात. यातील ४१ व्या पलटणीचे नाते मराठा लाइट इन्फंट्रीशी आहे. २०१५ साली तिचे प्रमुख होते कर्नल संतोष महाडिक.

सातारा जिल्ह्यातील पोगरवाडी हे त्यांचे गाव. साताऱ्याच्या सैनिक शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९६१ साली स्थापन झालेली ही देशातील पहिली सैनिक शाळा होय. पुढे ते सैन्याच्या २१ पॅरा या विशेष दलात दाखल झाले. विमानातून छत्रीच्या साहाय्याने उतरणे, रानावनात दिवसचे दिवस अल्प शिध्यावर काढणे, अंधारात वाट शोधणे, ही या दलाची विद्या. ईशान्य भारतात बजावलेल्या कामगिरीबद्दल त्यांना २००३ साली सेना पदक मिळाले होते.

कुपवाड्यात त्यांच्यापुढे दुहेरी काम होते. शस्त्रधाऱ्यांशी लढावयाचे, आणि त्याच वेळी गावकऱ्यांचा विश्वास राखावयाचा. हे दुसरे काम सोपे नाही. अरण्याच्या कडेला राहणाऱ्या गावकऱ्याच्या दारात रात्री बंदूकधारी येऊन भाकरी मागतो. सकाळी सैनिक येऊन त्याचीच चौकशी करतात. दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाची स्थिती काय होत असेल, याची कल्पना दूर राहणाऱ्यास सहसा येत नाही. तेथील तरुणांनी शस्त्राची वाट सोडून खेळ व रोजगार यांकडे वळावे, यासाठी कर्नल महाडिक खटपट करीत असत.

नोव्हेंबर उजाडला. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात दिवाळीचे दिवे लागले होते; कुपवाड्यात मात्र हाजी नाका नावाच्या अरण्यात अतिरेकी असल्याचे आढळून आले. चकमक झडली आणि टोळी दाट झाडीत दिसेनाशी झाली. मग शोध सुरू झाला. एक दिवस गेला, दोन गेले. शोध थांबला नाही.

अशा शोधात लपणाऱ्याची बाजू वरचढ असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो एखाद्या खडकाआड वा पडलेल्या ओंडक्यामागे निश्चल पडून राहतो. शोधणाऱ्याला मात्र पुढे सरकावेच लागते. वाळकी पाने पायाखाली वाजतात, काटकी मोडते, आणि लपलेल्याला समोरच्याची चाहूल आधी लागते. पहिली गोळी बहुधा त्याचीच असते. तोफा, रणगाडे यांचा अशा झाडीत काही उपयोग होत नाही. तेथे माणसाने पावलापावलाने जावयाचे असते.

पलटणीच्या प्रमुखाच्या हाताखाली शेकडो सैनिक असतात. मागे थांबून बिनतारी यंत्रावरून हुकूम देणे हे त्याच्या अधिकारास शोभणारेच असते. किंबहुना, प्रमुख पडला तर पलटणीचे काय, असा प्रश्नही कोणी विचारील, आणि तो वावगा म्हणता यावयाचा नाही. परंतु कर्नल महाडिक यांनी त्या दिवशी आपली जागा पुढे ठरविली. ज्या झाडीत आपले जवान पाठवावयाचे, तिच्यात आपणही शिरावयाचे, अशीच त्यांची रीत होती. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी ते स्वतः शोधपथकाच्या अग्रभागी असताना अतिरेक्यांच्या गोळ्यांनी घायाळ झाले. त्यांना तातडीने इस्पितळात हलविण्यात आले. पण जखमा प्राणांतिक ठरल्या. त्या वेळी त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते.

दोन दिवसांनी पोगरवाडीत त्यांच्यावर लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर तेथे उपस्थित होते. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी कर्नल महाडिक यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले.

त्यांच्या पत्नी स्वातीताई शिक्षिका होत्या. पदरी दोन लहान मुले होती. दुःखाचे ते दिवस सरले नव्हते तोच त्यांनी सांगितले की, आपण सैन्यात जाणार. हे बोलणे शोकाच्या भरातले असेल, असे कित्येकांना वाटले असल्यास नवल नाही. वयाची अट आडवी आली. संरक्षण मंत्रालयाने तेवढी एक अट शिथिल केली. निवडीच्या कसोट्या मात्र इतरांप्रमाणेच त्यांनाही द्याव्या लागल्या. त्या उत्तीर्ण करून त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत दाखल झाल्या. मुलांना वसतिगृहात ठेवावे लागले. बरोबरीच्या बहुतेक मुली त्यांच्याहून वयाने कितीतरी लहान होत्या. पहाटेची धाव, पाठीवर ओझे घेऊन दूरची कूच, नेमबाजी, कवायत, असे अकरा महिने गेले. ते कसे गेले असतील, हे ज्याने तिशी ओलांडल्यावर प्रथमच दोर चढून पाहिला असेल, त्यालाच समजेल.

९ सप्टेंबर २०१७ रोजी चेन्नईच्या मैदानावर दीक्षान्त संचलन झाले. त्या तुकडीत निधी दुबे याही होत्या. त्यांचेही पती सैन्यात होते व निवर्तले होते. संचलन संपल्यावर दोघींच्या खांद्यांवर लेफ्टनंटचे दोन दोन तारे लावण्यात आले. स्वाती महाडिक यांची नेमणूक आयुध विभागात झाली. सीमेवरील पलटणींना बंदुका, दारूगोळा, कपडे आणि तंबू पोहोचविण्याचे काम हा विभाग करतो.