विद्यार्थ्यांचें दुकान



शाळेच्या आवारांत ‘धंदा’ हा शब्द उच्चारला कीं कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. मुलांनीं अभ्यास करावा, पैशाच्या उलाढालींत कशास पडावें, असें त्यांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. अंकगणितांत नफातोटा शिकलेला विद्यार्थी खऱ्या पैशाचा खरा हिशेब देण्यास उभा राहतो, तेव्हांच त्या धड्याचा अर्थ त्यास कळतो. म्हणून वह्या, पेन्सिली व कंपासपेट्या विकण्याचें लहानसें दुकान विद्यार्थ्यांनीं कसें चालवावें, याचा विचार येथें करूं.

प्रथम एक उदाहरण घेऊं. इंग्लंडांतील रॉचडेल या गांवीं सन १८४४ मध्यें २८ जणांनीं एक दुकान काढलें. त्यांत कित्येक विणकर होते. प्रत्येकाचा भाग एक पौंडाचा. पण तोहि त्यांस एकदम देतां येईना, म्हणून दर आठवड्यास कांहीं पेन्स बाजूस टाकून त्यांनीं तो जमविला. लोणी, साखर, पीठ व मेणबत्त्या अशा थोड्याच जिनसांनीं त्यांनीं आरंभ केला. परंतु त्यांचे नियम पक्के होते. माल निर्भेळ असावा, वजन पुरें असावें, व्यवहार रोखीचा असावा, प्रत्येक सभासदास एकच मत असावें, आणि उरलेला नफा ज्यानें जेवढी खरेदी केली त्या मानानें वांटावा. जगांतील ग्राहकांच्या सहकारी भांडारांनीं पुढें हेच नियम आदर्श मानिले. शाळेच्या दुकानासहि ते जसेच्या तसे लागू पडतात.

आतां भांडवलाकडे वळूं. समजा, ४० विद्यार्थ्यांनीं प्रत्येकीं ५० रुपये दिले. भांडवल २,००० रुपये झालें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सन १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान व्यक्तीस करार करितां येत नाहीं. यास्तव ठोक व्यापाऱ्याशीं बोलणें शाळेच्या वतीनें शिक्षकांनीं करावें व माल रोखीनेंच घ्यावा. महाराष्ट्राच्या सन १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानें मात्र केवळ शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या हितासाठीं स्थापिलेल्या संस्थेंत अज्ञान विद्यार्थ्यासहि सभासद होण्याची मोकळीक ठेविली आहे.

समजा, १८ रुपयांस एक याप्रमाणें १०० वह्या आणिल्या व २० रुपयांस एक विकावयाची ठरविली. विद्यार्थी लागलाच म्हणेल, “नफा २०० रुपये!” पण थांबा. वह्या आणण्यास रिक्षाचें भाडें ६० रुपये पडलें. म्हणजे एकूण खर्च १,८६० रुपये झाला. तीन वह्या पावसानें भिजून वायां गेल्या. उरलेल्या ९७ वह्यांचे १,९४० रुपये आले. खरा नफा ८० रुपये! आतां यांतील चारच वह्या मित्रांनीं उधार नेल्या व पैसे दिले नाहींत असें धरा. चार वह्यांचे ८० रुपये बुडाले. शंभर वह्यांच्या खटपटींतून एक पैसाहि उरला नाहीं. रॉचडेलच्या त्या गरीब मंडळींनीं उधारीस दार कां बंद केलें, हें यावरून उमगेल.

परंतु पैसा बुडाला तर तो पुनः मिळवितां येतो. याहून मोठी हानि कोणती, हें आम्हीं एका शाळेंत स्वतःच्या चुकीनें शिकलों. तेथील विद्यार्थ्यांचें दुकान आमच्या देखरेखीखालीं होतें. दिवाळीच्या सुटीपूर्वीं हिशेब केला, तों गल्ल्यांत २४० रुपये कमी. किल्ली ज्या मुलाकडे होती तो गरीब घरचा. संशय त्याच्यावर गेला, आणि आम्हींहि वर्गासमोर त्याची उलटतपासणी केली. तो एवढेंच म्हणाला, “सर, मीं पैसे घेतले नाहींत.” सुटीनंतर कपाट हलविलें, तेव्हां त्यामागें १२ वह्यांचें एक बांधलेलें बंडल सांपडलें. वीस रुपयांप्रमाणें १२ वह्यांचे बरोबर २४० रुपये! माल मोजून न पाहतां, कपाटांत दिसत नाहीं तो विकला गेला असें आम्हीं धरून चाललों होतों. आम्हीं त्याच वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानें ती केली. परंतु किल्ली त्यानें पुनः कधींहि हातीं घेतली नाहीं.

त्या दिवसापासून आमच्या देखरेखीखालील प्रत्येक दुकानांत आम्ही चार गोष्टी आग्रहानें पाळीत आलों आहों. पहिली, ज्याच्या हातीं गल्ला त्यानें रोजकीर्द लिहूं नये. खजिनदार निराळा व हिशेबनीस निराळा असावा. दुसरी, प्रत्येक विक्रीची पावती फाडावी, मग ती एका पेन्सिलीची कां असेना. तिसरी, दर शनिवारीं दोघांनीं मिळून माल मोजावा. आरंभींची शिल्लक व नवी खरेदी यांच्या बेरजेंतून हातचा माल व खराब झालेला माल वजा करावा. जें उरेल तेवढेंच विकलें गेलें असलें पाहिजे, आणि तेवढ्याचेच पैसे गल्ल्यांत असले पाहिजेत. चौथी, हा हिशेब सूचनाफलकावर लावावा, म्हणजे इयत्ता पांचवीच्या मुलासहि तो वाचतां येईल.

कित्येक मुलें म्हणतात, “आमचा एकमेकांवर विश्वास आहे, मग वही कशाला?” मित्रहो, वही ही अविश्वासाची खूण नव्हे. जो प्रामाणिक आहे त्याचीच ती ढाल आहे. ज्याच्याजवळ दुसरा कोणताहि आधार नाहीं, त्याच्या बाजूनें तीच साक्ष देते. चोख वही त्या वेळीं असती, तर एका निरपराध मुलास वर्गासमोर मान खालीं घालून उभें राहावें लागलें नसतें.

तर मग येत्या वर्षीं आपल्या वर्गानें दुकान अवश्य काढावें. नफा थोडा झाला तरी चिंता नाहीं. मात्र पहिल्या दिवशीं मालाच्या आधीं वही विकत आणावी, आणि तिच्या पहिल्या पानावर तिचीच किंमत खर्चीं घालावी.