विम्बल्डनचा दुसरा खेळ

विम्बल्डन म्हटले की टेनिस, हे आपल्याला पाचवीपासून पाठ असते. पण लंडनच्या नैर्ऋत्येला असलेल्या या उपनगरात फुटबॉलचाही एक क्लब आहे आणि त्याचा इतिहास मला टेनिसपेक्षा जास्त आवडतो. आपल्याकडे 1888 साली ड्युरंड कप सुरू झाला. पुढच्याच वर्षी, 1889 मध्ये, विम्बल्डनमधल्या सेंट्रल स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी 'विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स' हा संघ काढला. स्वतःचे मैदान नव्हते. सामने विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर होत आणि खेळाडू जवळच्या एका खानावळीत कपडे बदलत. 1912 साली त्यांना प्लाउ लेन हे मैदान मिळाले आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे तेच त्यांचे घर झाले.

बराच काळ हा हौशी क्लबच होता. 1963 साली त्यांनी सटन युनायटेडला 4-2 ने हरवून हौशी संघांचा एफ.ए. कप जिंकला. चारही गोल एडी रेनॉल्ड्स या एकाच खेळाडूने केले, आणि चारही हेडरने! आमच्या हाउसच्या फॉरवर्ड मंडळींनी हे दोनदा वाचावे.

त्या काळी इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये शिरायला नुसते जिंकून भागत नसे, इतर क्लबांची मते मिळवावी लागत. विम्बल्डनला ती 1977 साली मिळाली. नऊ वर्षांत, म्हणजे 1986 पर्यंत, ते चौथ्या विभागातून पहिल्या विभागात पोचले. 14 मे 1988 रोजी वेम्बलीवर एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात समोर लिव्हरपूल होते, त्या वर्षीचे लीग विजेते. लॉरी सँचेझने हेडरने गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली, ती कर्णधार आणि गोलरक्षक डेव्ह बीझंटने अडवली. वेम्बलीवरच्या एफ.ए. कप अंतिम सामन्यात पेनल्टी अडवणारा तो पहिला गोलरक्षक. निकाल 1-0.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत सापडते. मला खरा अभ्यास पुढे करावासा वाटला.

1989 साली हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे अनेक समर्थक मरण पावले. त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांच्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी खुर्च्या असाव्यात असे सांगितले. जुन्या, अरुंद प्लाउ लेनवर ते जमणार नाही असे ठरवून क्लब 1991 मध्ये दुसऱ्या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाड्याने राहायला गेला. तात्पुरते म्हणून गेलेला क्लब परत आलाच नाही. 2000 साली तो प्रीमियर लीगमधून खाली आला. मग मालकांनी क्लब सुमारे 90 किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरात नेण्याचे ठरवले. समर्थकांनी जोरदार विरोध केला. पण 28 मे 2002 रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली.

यावर आमच्या डॉर्ममध्ये चांगलाच वाद झाला. एक मित्र म्हणाला, "यात काय एवढे? माझ्या बाबांची पलटण दर दोन-तीन वर्षांनी जागा बदलते. आज पठाणकोट, उद्या तेजपूर. म्हणून पलटण दुसरी होते का?" मुद्दा बिनतोड वाटला, कारण आमच्यापैकी निम्मे जण बदल्यांवरच वाढलेले. पण मला फरक दिसतो. पलटण हलते तेव्हा जवान, निशाण, लंगर, सगळेच बरोबर जाते. मागे उरतात त्या रिकाम्या बराकी. विम्बल्डन क्लब हलला तेव्हा नोंदणी आणि लीगमधली जागा तेवढी गेली. माणसे मागे राहिली. मग क्लब नेमका कुठे राहिला?

समर्थकांनी याचे उत्तर दिले, तेही महिनाभरात. त्यांनी ए.एफ.सी. विम्बल्डन हा नवा क्लब स्थापन केला. संघ निवडायला 29 जून 2002 ला विम्बल्डन कॉमनवरच खुली चाचणी घेतली. जिथे 1889 चा संघ खेळला होता त्याच माळावर 230 जण आले. पहिला मैत्रीपूर्ण सामना ते 4-0 ने हरले, तरी तो पाहायला साडेचार हजारांवर लोक होते. नव्या क्लबाला सुरुवात नवव्या पायरीवरून करावी लागली. लीगचा पहिला सामना कुठे झाला माहीत आहे? सँडहर्स्टच्या संघाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर! होय, ज्या सँडहर्स्टच्या नावाने ब्रिटनची लष्करी प्रबोधिनी ओळखली जाते तेच. विम्बल्डनने तो 2-1 ने जिंकला.

पुढे फेब्रुवारी 2003 ते डिसेंबर 2004 या काळात ते लीगचे सलग 78 सामने हरले नाहीत. 2011 साली ल्यूटनला पेनल्टीवर नमवून ते फुटबॉल लीगमध्ये परतले. नऊ हंगामांत पाच बढत्या!

या क्लबात बहुमताची मालकी 'डॉन्स ट्रस्ट' या समर्थकांच्या संस्थेकडे आहे. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सदस्याला एक मत, मग तो बँकेचा साहेब असो की तिकीट तपासनीस. अशा क्लबाकडे पैसा कमी पडतो, हा तोटा खराच. प्लाउ लेनवर नवे मैदान बांधताना पैसे अपुरे पडले तेव्हा 2020 मध्ये त्यांनी समर्थकांकडून कर्जरोखे घेऊन 50 लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली.

मिल्टन कीन्सच्या क्लबाने 2007 साली जुन्या विम्बल्डनच्या इतिहासावरचा हक्क सोडला आणि चषकांच्या प्रतिकृती विम्बल्डन ज्या मर्टन भागात येते तिथल्या नगरपरिषदेकडे दिल्या. माझ्या मते डॉर्मच्या वादाचा निकाल तिथेच लागतो. मित्राला अजून पटलेले नाही.

नवे मैदान जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला पहिला सामना 3 नोव्हेंबर 2020 ला डॉनकास्टरशी 2-2 असा बरोबरीत सुटला. एकोणतीस वर्षांनी क्लब आपल्या उपनगरात परतला होता, पण करोनामुळे त्या दिवशी ज्यांनी तो परत आणला त्यांच्यासाठी दरवाजे बंद होते. त्यांनी सामना घरी बसून पाहिला.