कानात नाव सांगताना

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी तो हौसेने घेतला, वर गालाचा पापाही घेतला. ओठाच्या कडेला तेव्हा बारीक फोड होते माझ्या. उष्णतेचे असतील म्हणून लोणी लावून मोकळी झाले होते.

पाच-सहा दिवसांनी बाळ अंगावर प्यायचा कंटाळा करू लागलं. सारखं झोपेत. मधूनच ओठ हलायचे. आई म्हणाली, सटवाई हसवतेय. दवाखान्यात नेलं, तर पोटात वारा धरलाय म्हणून थेंब मिळाले. अंगावर एकही फोड नव्हता, शंका तरी कशी यावी? त्या रात्री डावी मूठ एका लयीत उडू लागली. वहिनीने ती धरून ठेवली तरी थांबेना. नुसतं दचकणं हात धरला की थांबतं, झटका थांबत नाही, हे नंतर कळलं.

आमच्या माथेरानात तेव्हा रुग्णवाहिका सोडली तर गाडी नव्हती, आणि ती नेमकी पेशंट घेऊन खाली गेलेली. भर पावसात हातरिक्षाने दस्तुरी नाका, टॅक्सीने नेरळ, पुढे मुंबई.

"घरात कुणाला ओठावर फोड आले होते?" डॉक्टरांनी विचारलं. त्याआधी वहिनीची चौकशी झाली होती, कारण बहुतेक बाळांना हा हर्पीसचा विषाणू बाळंतपणात आईकडून लागतो, तिला स्वतःला काही जाणवलेलं नसलं तरी. सगळे तिच्याकडेच बघत होते. मी ओठाला हात लावला.

नागिणीचा विषाणू याच घराण्यातला, पण वेगळा. ओठावरच्या फोडांचा हा विषाणू बाळाच्या मेंदूला सूज आणतो. पाठीतलं पाणी तपासायला गेलं आणि अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू झालं, दिवसातून तीनदा, 21 दिवस. मग 6 महिने तोंडावाटे. बाळ वाचलं. चालायला अडीच वर्षं लागली, फिटचं औषध अजून चालू आहे.

महिन्याच्या आतलं बाळ दूध सोडत असेल, उठवूनही नीट उठत नसेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर डोंगरावर सकाळ व्हायची वाट पाहू नका. ओठावरच्या फोडाबद्दल डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आणि गरोदर बाईला शेवटच्या दिवसांत खाली फोड आले, तर तिने लाजू नये. सिझेरियन करायचं का, हे त्यावर ठरतं.

धाकटीच्या बारशाला माझ्या ओठावर पुन्हा फोड होता. नाव मी दारातूनच सांगितलं. कानात कुर्र केलं तिच्या मावशीने.