आगगाडीचे राखणदार

कोकणातील गावाला राखणदार असतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पण शेताची, पाणवठ्याची आणि अंधारात चालणाऱ्या वाटसरूची तो राखण करतो, असे मानून लोक त्याला नारळ देतात. गावाप्रमाणेच जुन्या आठवणींनाही राखणदार असावा लागतो. तो नसला म्हणजे केवढी हानी होते, हे भारतातील पहिल्या प्रवासी आगगाडीच्या इतिहासावरून कळून येते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ साली स्थापन झाली. तिची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास गेली. गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या तीन एंजिनांनी ती ओढली. आज त्या तिहींपैकी एकही एंजिन पाहावयास मिळत नाही. पुढे या कंपनीने बोरघाट फोडून १८६३ साली तेथून लोहमार्ग नेला. त्या कामावर हजारो मजूर राबले. पटकीच्या साथीत आणि अपघातांत कितीतरी जण दगावले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात राहिले. परंतु ज्यांनी छिन्नी-हातोडा चालविला, त्यांची नावे काळाच्या उदरात गडप झाली.

वेल्समधील एका चिमुकल्या आगगाडीची कथा मात्र निराळी आहे. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश. कोकणाप्रमाणेच तेथे एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर आणि पाऊसही भरपूर. तेथील डोंगरात घरांवर घालावयाच्या पाटीच्या दगडाची एक खाण होती. तो दगड खाली आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास टालिल्लिन रेल्वे कंपनी निघाली. रूळ अवघे सव्वादोन फूट रुंदीचे, मार्ग सुमारे १२ किलोमीटरांचा आणि एंजिने दोनच. एकाचे नाव ‘टालिल्लिन’, दुसऱ्याचे ‘डोलगोख’.

सुमारे ऐंशी वर्षे ही गाडी इमानाने धावली. १९४६ साली खाण बंद पडली. उत्पन्न आटले. रुळांखालच्या फळ्या कुजल्या. गवताच्या मुळांनीच रूळ जागच्या जागी धरून ठेवले होते, असे म्हटले तरी चालेल. कंपनीचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी आपल्या हयातीत गाडी बंद पडू देणार नाही, असे ठरविले होते. आपला शब्द त्यांनी पाळला. १९५० सालच्या जुलैमध्ये ते वारले, तेव्हा ही गाडीही आता मोडीत जाणार, असे सर्वांस वाटले.

परंतु एल. टी. सी. रोल्ट नावाच्या लेखकाला ते सहन झाले नाही. त्याने व त्याच्या मित्रांनी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅम शहरात सभा बोलाविली. त्या सभेतून या रेल्वेच्या जतनासाठी एक संस्था उभी राहिली. एखादी रेल्वे केवळ आवडीपोटी, स्वयंसेवकांनी चालवावी, असा प्रयोग तोवर जगात कोठेही झाला नव्हता. पुष्कळांनी मान हलविली. हौशी माणसांच्या हातून असे अवघड काम कसे व्हावयाचे?

संस्थेने उत्तर दिले, ते कृतीने. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून तेथे येऊ लागली. कोणी गवत उपटले, कोणी कुजलेल्या फळ्या बदलल्या, कोणी तिकिटे विकली. १४ मे १९५१ रोजी गाडी पुन्हा धावली. तेव्हा चालू स्थितीतील जुने एंजिन एकच होते, ‘डोलगोख’. तेही जर्जर झाले होते. शेजारची एक रेल्वे बंद पडली होती; तिची दोन एंजिने प्रत्येकी २५ पौंडांस विकत घेऊन संस्थेने निभावून नेले. पुढे जुनी दोन्ही एंजिने दुरुस्त झाली. आरंभीचे डबेही टिकले. जुन्या वस्तूंसाठी एक संग्रहालयही झाले. या उदाहरणाने धीर येऊन इतर ठिकाणीही असे राखणदार पुढे आले.

रत्नागिरीस आगगाडीची वाट फार काळ पाहावी लागली. मुंबईहून पहिली गाडी निघाल्यानंतर १४५ वर्षांनी, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुडे येथील बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे, तर पानवल येथील पूल ६४ मीटर उंच आहे. हे काम करताना अनेक कामगारांनी प्राण गमावले. त्यांचे स्मारक रत्नागिरीस उभारले आहे. बोरघाटातील मजुरांच्या वाट्यास आलेली विस्मृती येथे येऊ नये, ही त्यामागील भावना आहे.

पण दगडाचे स्मारक सारेच सांगू शकत नाही. कातळ फुटला तेव्हाचा आवाज ज्यांनी ऐकला, ज्यांच्या आंब्याच्या बागांतून रूळ गेले, पहिली गाडी पाहावयास जी मुले रुळांकडेला धावली, ती माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या आठवणी आज कोणी विचारल्या, तर उद्या त्यांचा इतिहास होईल. न विचारल्या, तर त्या त्यांच्याबरोबरच जातील. वेल्समधील त्या हौशी माणसांपाशी सत्ता नव्हती, संपत्तीही नव्हती. आपुलकी आणि चिकाटी मात्र होती. गावच्या राखणदाराला नारळ द्यावा लागतो. आठवणींच्या राखणदाराला एक वही आणि ऐकण्याची उत्सुकता एवढे पुरते.