बेडकाची अंडपेशी आणि कॅल्शियम

मृगाच्या सरी कोसळल्या की भोर आणि वेल्हे भागांतील भातखाचरे पाण्याने भरू लागतात. उन्हाळाभर मातीत दडलेले बेडूक बाहेर येतात, मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होऊन ओरडू लागतात आणि थोड्याच दिवसांत साचलेल्या पाण्यात अंडी दिसू लागतात. या घाईमागे अंडपेशीची दीर्घ तयारी असते.

मादीच्या अंडाशयात अंडपेशी वाढत असते, तेव्हा तिचे अर्धसूत्री विभाजन पहिल्याच टप्प्यावर थांबलेले असते. विणीच्या वेळी पीयूष ग्रंथीच्या संदेशाने भोवतालच्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करतात. त्यामुळे केंद्रकाचे आवरण विरते, विभाजन पुढे सरकते आणि दुसऱ्या टप्प्यावर पुन्हा थांबते. यालाच परिपक्वता म्हणतात.

या काळात आणखी एक महत्त्वाचा बदल घडतो. अंडपेशीतील सूक्ष्म जालिकांमध्ये कॅल्शियमचा साठा असतो. त्या साठ्याची मांडणी बदलते व तो संदेशाला अधिक तत्परतेने प्रतिसाद देऊ लागतो. शुक्राणूचा संयोग होताच त्या ठिकाणी कॅल्शियम मुक्त होते आणि त्याची लाट काही मिनिटांत अंड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचते. थांबलेले विभाजन पूर्ण होते; पृष्ठभागालगतच्या कणिका फुटून अंड्याचे आवरण बदलते व इतर शुक्राणूंना मज्जाव होतो. आफ्रिकेतील झेनोपस बेडकावरील प्रयोगांतून हा क्रम स्पष्ट झाला आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ बाताय्याँ यांनी १९१० मध्येच बेडकाचे अंडे सुईने टोचून, शुक्राणूविना, त्याची वाढ सुरू करून दाखविली होती. ही किमया कॅल्शियमची होती, हे पुढे उमगले.

बेडकाच्या अंड्याला कवच नसते आणि फलन उघड्या पाण्यातच होते. म्हणून पाणी दूषित झाले किंवा डबके अवेळी बुजविले, तर आत झालेली सारी तयारी वाया जाते. बेडूक शेतातील कीटक खातो. त्याचे मोल ओळखून भारताने १९८७ मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. परंतु केवळ निर्यातबंदीने अंडी वाचत नाहीत.

ग्रामपंचायतींनी पहिल्या पावसाच्या दिवसांत खाचरांलगतची डबकी राखावीत. शेतकऱ्यांनी त्या पाण्यात कीटकनाशके मिसळू देऊ नयेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अंडी न हलविता काठावरूनच दाखवावीत. पुस्तकातील पेशीविभाजनाचा धडा गावच्या खाचरातच दरवर्षी घडत असतो. तो टिकविणे गावाच्याच हाती आहे.