फोनला काम सांगताना: "परवा" म्हणजे नक्की कधी?



घरात आणि सेवेत आपण दिवसभर "हो, करते", "हो, बघतो" असं म्हणत असतो. कबूल केलेलं काम राहून गेलं की समोरचा माणूस खोळंबतो. म्हणून आता बरेच जण कामांची यादी फोनमध्ये ठेवतात. त्यासाठी वेगवेगळे रकाने भरत बसावं लागत नाही. आपण बोलतो तसं एक वाक्य सांगितलं की त्यातला वार, तारीख आणि वेळ अ‍ॅप स्वतः उचलतं. ते वाक्य कसं सांगावं, हा आजचा अभ्यास.

*1) आपल्या भाषेत काय सोय आहे?*

गुगल कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. ही सोय 2017 साली आली, आणि कन्नडची पण त्याच वेळी. गुगल असिस्टंट 2018 पासून मराठी बोलू लागला. जेमिनायचं अ‍ॅप 2024 मध्ये भारतात आलं तेच मराठी, कन्नड घेऊन आलं. टुडुइस्टसारख्या कामाच्या यादीच्या अ‍ॅपमध्ये इंग्रजीत "एव्हरी मंडे सेव्हन पीएम" असं लिहिलं, की दर सोमवारी संध्याकाळी 7 ची नोंद आपोआप होते. इंग्रजी जमत नसेल तर अडायचं कारण नाही. मराठीत बोला, फक्त वाक्य पूर्ण बोला.

*2) वाक्यात चार गोष्टी हव्यात*

काय करायचं, कोणासाठी, कोणत्या दिवशी आणि किती वाजता.

❌ "आईच्या गोळ्या"
✅ "शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता खानापुरातून आईच्या बीपीच्या 30 गोळ्या आणणे"

पहिली नोंद लिहिताना आपल्याला सगळं आठवत असतं. पण चार दिवसांनी फोन वाजतो तेव्हा गोळ्या द्यायच्या की आणायच्या, हा प्रश्न पडतो. शिवाय आपण घरी नसलो तर सूनबाईंना किंवा मुलाला ती वाचून काम करता आलं पाहिजे.

*3) फसवे शब्द*

घरातल्या माणसाला आपल्या अर्ध्या शब्दावरून कळतं. फोनला आपल्या घरची पद्धत माहीत नसते. हे शब्द जपून वापरा:

▪️ *परवा* – मराठीत होऊन गेलेला दिवस पण परवा आणि येणारा दिवस पण परवा! "परवा गेले होते" की "परवा जाणार", हे आपण क्रियापदावरून ओळखतो. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत: येणाऱ्या परवाला "नाडिद्दु" आणि गेलेल्याला "मोन्ने". फोनला सांगताना "परवा"च्या ऐवजी सरळ वार सांगा.

▪️ *आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी* – सोमवारी "आठ दिवसांनी या" म्हटलं की आपण पुढचा सोमवार धरतो, म्हणजे खरे सातच दिवस. "पंधरा दिवसांनी" म्हणजे आपल्या हिशोबाने चौदा. यंत्र अगदी आठ आणि पंधरा मोजून एक दिवस पुढे जाईल.

▪️ *पुढच्या सोमवारी* – गुरुवारी असं म्हटलं तर चार दिवसांनी की अकरा दिवसांनी? घरातसुद्धा यावर दोन मतं असतात. तारीखच सांगावी.

▪️ *साडेबारा, सव्वासात, पावणेसहा* – सोबत सकाळ, दुपार किंवा रात्र सांगा. फोन गोंधळला तर "दुपारी 12 वाजून 30 मिनिटांनी" असं म्हणा.

▪️ *वेळ मिळाल्यावर* – या शब्दावर कुठलाच फोन वाजत नाही.

*4) एका दिवसाचा फरक कुठे पडतो?*

बिल एक दिवस उशिरा भरलं तर फार तर दंड लागेल. पण कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनचं तसं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

इंजेक्शन कातडीत टोचत असतील तर दिवस 0, 3, 7 आणि 28 असे धरतात. दंडात देत असतील तर 0, 3, 7, 14 आणि 28. इथे पहिल्या इंजेक्शनचा दिवस *शून्य* असतो. समजा, पहिलं सोमवारी 1 जून 2026 ला कातडीत घेतलं. मग पुढची गुरुवार 4 जून, सोमवार 8 जून आणि सोमवार 29 जून. आज धरून तीन मोजले तर बुधवारी जाल. "आठ दिवसांनी" असं फोनला सांगितलं तर तो मंगळवार, 9 जून धरेल. म्हणून दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेल्या तारखाच वाचून सांगा आणि प्रत्येक तारखेची वेगळी नोंद करा.

*5) पुन्हा पुन्हा येणारी कामं*

*ठरलेल्या तारखेची:* "दर महिन्याच्या 5 तारखेला सकाळी 10 वाजता हेस्कॉमचं बिल बघणे."

*झाल्यापासून मोजायची:* पाण्याची टाकी धुणे. यावेळी वीस दिवस उशीर झाला, तर पुढचे तीन महिने धुतल्या दिवसापासून मोजायचे. टुडुइस्टमध्ये इंग्रजी "एव्हरी"ला लागूनच उद्गारचिन्ह दिलं की तो काम झाल्या दिवसापासून मोजतो. साध्या रिमाइंडरमध्ये काम झालं की लगेच पुढची तारीख घालावी.

*तिथीची:* गुरुपौर्णिमा 2024 मध्ये 21 जुलैला होती, 2025 मध्ये 10 जुलैला. "दरवर्षी याच तारखेला" असं फोनला सांगितलं तर चुकणारच. नवीन कॅलेंडर घरात आलं की एकदा बसून सण, एकादश्या आणि गावच्या जत्रेच्या तारखा घालून टाकाव्यात.

*6) शेवटची पायरी विसरू नका*

बोलून झाल्यावर फोनने कोणती तारीख घेतली ते *मोठ्याने वाचा*, वारासकट. वार आणि तारीख जुळली की मगच सेव्ह करा. याला पाच सेकंदं पण लागत नाहीत. आणि बँकेचा पिन, ओटीपी किंवा पासवर्ड कामाच्या यादीत कधीही बोलू नका, लिहू नका.

📿 *या आठवड्याचा अभ्यास*

✔️ घरातली तीन कामं चार गोष्टींसह पूर्ण वाक्यात फोनमध्ये घाला.
✔️ त्यातलं एक काम घरातल्या ज्येष्ठांच्या औषधाचं असू द्या.
✔️ ती नोंद घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. न विचारता सगळं कळलं तर वाक्य बरोबर.

मुलांनो, आजी-आजोबांच्या हातातला फोन घेऊन तुम्हीच नोंद करून देऊ नका. शेजारी बसा आणि त्यांना बोलू द्या. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. ज्येष्ठांनीही विचारायला संकोच करू नये. अडचण आली तर आपल्या कुटुंब-ग्रुपवर लिहा, सेवेकरी ताई उत्तर देतील.

दिलेला शब्द पाळायचा तर तो आधी नीट लिहिलेला असावा. 🙏